पॅकेज मॅनेजर नव्याने लिहायचा की आहे तोच सुधारायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच सांगता येईल. कंपनीत बऱ्याच वर्षांपूर्वी पायथनमध्ये लिहिलेला एक अंतर्गत पॅकेज मॅनेजर आहे. दोनेकशे डेव्हलपर त्यातून सी++ च्या लायब्रऱ्या आणतात आणि ग्राहकांच्या साइटवर बसवलेल्या लिनक्स बॉक्सवरही त्यातूनच अपडेट जातात. लिहिणारा माणूस सोडून गेला. इन्स्टॉलला फार वेळ लागतो, व्हर्जन जुळल्या नाहीत की कुणालाच न कळणारी एरर येते, आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बॉक्स अर्धवट अवस्थेत अडकतो. टीम चौघांची. साहेब म्हणतात, रस्ट या वेगवान भाषेत नव्याने लिहून टाकू. तुम्हाला धाकधूक वाटते.

माझं काम बिल्ड आणि रिलीजचं. कंपन्यांचे असे घरगुती पॅकेज मॅनेजर मी बरेच पाहिलेत, काहींच्या आत हातही घातलाय. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं उत्तर असं: पूर्ण नव्याने लिहू नका. सॉल्व्हर, म्हणजे कोणत्या पॅकेजची कोणती व्हर्जन घ्यायची ते ठरवणारा भाग, बदला, मेटाडेटा, म्हणजे पॅकेजची यादी आणि माहिती, आणण्याची पद्धत बदला, आणि बॉक्सवरचं अपडेट हे वेगळं काम समजून त्याचा स्वतंत्र विचार करा. बाहेरून दिसणाऱ्या कमांड, फाइली आणि एक्झिट कोड (कमांड जमली की फसली हे सांगणारे आकडे) आहेत तसेच ठेवा. हे उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे. त्या ओघात सांगतो.

खरी अडचण अशी की तुमच्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत. मंदपणा, व्हर्जनचा गुंता, अर्धवट अवस्था आणि कोड कुणालाच न कळणं या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. 'नव्याने लिहू' म्हटलं की चारही एकदम सुटतील असं वाटतं, म्हणून ते मीटिंगमध्ये पटकन पास होतं.

आधी वेगाचं बघू, कारण रस्टचं नाव वेगापायीच निघतं. पॅकेज मॅनेजरचा वेळ चार ठिकाणी जातो: रेपॉझिटरीची यादी, म्हणजे मेटाडेटा, उतरवून वाचणं, कोणत्या पॅकेजची कोणती व्हर्जन घ्यायची ते ठरवणं, फाइली डाउनलोड करणं, आणि त्या उघडून डिस्कवर लिहिणं. यातल्या दुसऱ्या टप्प्यात भाषेचा थेट संबंध येतो, पहिल्यात थोडाफार. उरलेला वेळ नेटवर्क आणि डिस्क खातात. म्हणून प्रत्येक टप्प्याची वेळ लॉगमध्ये छापा आणि तीच कमांड एकदा कॅशे, म्हणजे आधी उतरवून ठेवलेला साठा, पुसून, एकदा कॅशे भरलेली असताना आणि एकदा नेटवर्क बंद करून चालवा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते न करता नव्याने लिहायला बसलेल्या टीम मी पाहिल्यात.

एका ठिकाणी सगळे सॉल्व्हरला शिव्या घालत होते. लॉग उघडला तर 'हे पॅकेज बसवलंय का' एवढंच विचारणारी कमांडसुद्धा दर वेळी सगळ्या पॅकेजच्या सगळ्या व्हर्जनची एक भलीमोठी जेसन फाइल सर्व्हरवरून नव्याने उतरवत होती. सर्व्हर इमानदारीत ईटॅग पाठवत होता, म्हणजे 'मागच्या वेळेपासून फाइल बदललेली नाही' हे कळायची सोय होती. क्लायंट तो हेडर वाचतच नव्हता. दुरुस्ती मोजक्या ओळींची निघाली, आणि नवा पॅकेज मॅनेजर लिहिण्याचा विषय त्या दिवशीच बारगळला.

मोठ्या प्रोजेक्टमध्येही हेच घडलंय. होमब्रू (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) रूबी भाषेत लिहिलेलं आहे आणि 'रूबी म्हणून स्लो' असं वर्षानुवर्षं ऐकू यायचं. मोठा त्रास होता तो अपडेटच्या वेळी सगळ्या फॉर्म्युल्यांची, म्हणजे पॅकेज कसं बसवायचं त्या कृतींची, गिट रेपॉझिटरी ओढण्याचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ४.० आलं, त्यात गिट क्लोनऐवजी जेसन फाइली उतरवायला सुरुवात झाली आणि आपोआप अपडेट तपासण्याचा अवधी पाच मिनिटांवरून चोवीस तासांवर नेला. भाषा रूबीच राहिली. उलट बाजूनं रस्टचा पॅकेज मॅनेजर कार्गो बघा. तो जन्मापासून रस्टमध्ये आहे, तरी पूर्ण इंडेक्स गिटमधून आणायचा म्हणून नव्या सीआय मशिनवर (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या) लोक ताटकळत बसायचे. जून २०२३ च्या रस्ट १.७० पासून लागेल तेवढाच इंडेक्स एचटीटीपीवरून आणणं डिफॉल्ट झालं, आणि मग ती कटकट गेली. तुमच्या साहेबांना ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

'पण यूव्ही?' असं कुणीतरी विचारेलच. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं यूव्ही हे पायथनचे पॅकेज बसवणारं साधन रस्टमध्ये आहे आणि पायथनच्या नेहमीच्या पिपपेक्षा कितीतरी वेगवान आहे, यात वाद नाही. पण तो वेग येतो कुठून ते बघा. व्हीलची (पायथनच्या तयार पॅकेजची) पूर्ण फाइल न उतरवता फक्त तिचा मेटाडेटा वाचणं, अनेक डाउनलोड एकाच वेळी चालवणं, सगळ्या एन्व्हायर्नमेंटसाठी एकच कॅशे ठेवून तिथून हार्ड लिंक किंवा क्लोन करणं, म्हणजे पुन्हा कॉपी न करता तीच फाइल वापरणं. यातलं बरंचसं पायथनमध्येही करता येतं. शिवाय यूव्हीनं काही गोष्टींना चक्क नकार दिलाय. एग ही जुन्या पद्धतीची पॅकेज फाइल चालत नाही, पिपची कॉन्फिग फाइल वाचली जात नाही, बाइटकोड आधी तयार करून ठेवणं डिफॉल्टमध्ये बंद आहे. जुनं ओझं टाकून दिलं की कोण पळत नाही? तुमच्या कंपनीत जुन्या गोष्टींना नकार द्यायची मुभा तुम्हाला आहे का, हा पहिला 'अवलंबून आहे' वाला मुद्दा. असेल तर ती मुभा आत्ताच्या कोडमध्येही वापरता येईल.

मंदपणा कधीकधी मुद्दाम ठेवलेला असतो. डेबियन लिनक्सचा डीपीकेजी पॅकेज उघडताना फाइल आधी वेगळ्या नावानं लिहितो, ती खरोखर डिस्कवर उतरली याची एफसिंकनं खात्री करतो आणि मगच नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी बसवतो. एक्सटी४ ही फाइलसिस्टम आल्यावर मध्येच वीज गेली तर शून्य बाइटच्या फाइली उरण्याचे प्रकार झाले, म्हणून ही खबरदारी कडक झाली, आणि इन्स्टॉल जाणवण्याइतकं हळू झालं. ती बंद करायचा पर्यायही आहे आणि त्याच्या नावातच 'अनसेफ' हा शब्द आहे. डेबियनच्या डॉकर इमेजमध्ये (कंटेनर, म्हणजे तात्पुरतं बंदिस्त वातावरण, बनवायच्या साच्यात) तो चालू करूनच देतात, कारण कंटेनर बिघडला तर फेकून दुसरा बनवता येतो. तुमचे बॉक्स ग्राहकाच्या शेडमध्ये आहेत, ते फेकता येत नाहीत. नव्याने लिहिणाऱ्या उत्साही माणसाला जुन्या कोडमधला एफसिंक फालतू वाटतो, तो काढतो, बेंचमार्क झकास येतात. पुढच्या पावसाळ्यात काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.

आता सॉल्व्हर. इथे मात्र बदल हवाच, आणि तुमच्या वर्णनावरून तो जुन्या पद्धतीचा दिसतो: एक पॅकेज घ्या, त्याच्या गरजा बघा, त्या पुरवणारं काहीतरी उचला, पुढे चला, अडलं की पॅच मारा. रेडहॅट आणि फेडोरा या लिनक्सचा जुना पॅकेज मॅनेजर यम असाच वाढला. एखादी गरज अनेक पॅकेज पुरवू शकत असतील तर त्यातलं कोणतं घ्यायचं याचे त्याचे ठोकताळे होते. इतर निकषांवर बरोबरी झाली की सगळ्यात छोट्या नावाचं पॅकेज जिंकायचं. हे ऐकून हसू येतं, पण कुणीतरी कधीतरी एका खऱ्या अडचणीवर काढलेला तो तोडगा होता. मुळात व्हर्जन जुळवण्याचा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे तो नेहमी झटपट सोडवेल अशी पद्धत कुणाला माहीत नाही. त्यामुळे असे ठोकताळे एका मर्यादेपर्यंत चालतात आणि पॅकेज वाढले की सगळे एकदमच कोलमडतात.

पण नवा सॉल्व्हर हवा याचा अर्थ तो तुम्ही लिहावा असा नाही. २००८ च्या ओपनसुसे ११.० या लिनक्ससाठी सॅट पद्धतीचा (सगळ्या अटी हो-नाहीच्या तर्कात मांडून सोडवणारा) सॉल्व्हर तयार झाला. त्यातून पुढे आलेली लिबसॉल्व्ह ही सी भाषेतली लायब्ररी यमच्या जागी आलेल्या डीएनएफनं घेतली, मांबानं (त्याबद्दल पुढे) घेतली. पीएचपी भाषेच्या कंपोजर या पॅकेज मॅनेजरचा सॉल्व्हरही त्याच घराण्यातून पीएचपीत उतरवलेला. दुसरा पर्याय पबग्रब. तो २०१८ च्या सुमारास डार्ट भाषेच्या पब या पॅकेज मॅनेजरसाठी तयार झाला आणि आज यूव्ही, पोएट्री (पायथन), बंडलर (रूबी) यांच्यात त्याची रूपं आहेत. पबग्रबची खासियत म्हणजे उत्तर सापडलं नाही तर का सापडलं नाही हे तो पायरीपायरीनं सांगतो: 'अ ला ब ची २ हवी, क ला ब ची १ हवी, म्हणून अ आणि क एकत्र बसत नाहीत.' तुमची 'न कळणारी एरर' ही तक्रार जोरात असेल तर मी पबग्रबकडे झुकेन. पॅकेजमध्ये 'हे असेल तर ते नको', 'याच्या जागी हे' असे नियम बरेच असतील तर लिबसॉल्व्हकडे.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण कॉन्डाचं आहे. कॉन्डा हा पॅकेज मॅनेजर पायथनमध्ये, सॉल्व्हरही पायकोसॅट या सॅट लायब्ररीवर बसलेला. कॉन्डा-फोर्ज या सामायिक भांडारात पॅकेज वाढत गेले तसे 'सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट' या ओळीपुढे फिरणारी रेघ बघत लोक चहा पिऊन यायला लागले. मग बाहेरच्या मंडळींनी सी++ मध्ये मांबा लिहिला. पॅकेजचा फॉरमॅट तोच, चॅनेल (पॅकेजची भांडारं) तेच, कमांडही जवळपास त्याच, आत लिबसॉल्व्ह. लोक खुशीत तिकडे वळले. इथे कॉन्डावाल्यांनी शहाणपणा केला. स्वतःचा नवा अवतार काढण्याऐवजी त्यांनी सॉल्व्हर बदलता येईल अशी प्लगइनची सोय केली, मांबाच्या पोटातली लिबमांबा तिथे जोडली, काही काळ ती ऐच्छिक ठेवली आणि २०२३ च्या २३.१० आवृत्तीपासून डिफॉल्ट केली. म्हणजे नव्याने लिहिण्याचा फायदा मिळाला आणि वापरणाऱ्याला कमांडसुद्धा बदलावी लागली नाही. तुमच्या चौघांच्या टीमला जमेल असा हाच रस्ता आहे.

तरी 'फक्त सॉल्व्हर' म्हणजे किरकोळ काम असंही समजू नका. पिपनं नोव्हेंबर २०२० च्या २०.३ मध्ये नवा रिझॉल्व्हर (सॉल्व्हरचंच दुसरं नाव) डिफॉल्ट केला. त्या कामासाठी मोझिला आणि चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह यांच्याकडून मिळून चार लाख डॉलरच्या वर निधी आला होता. त्यात मोठा भाग लोकांना बदल समजावणं आणि त्यांच्या खऱ्या एन्व्हायर्नमेंटवर तपासणं हाच होता. जुना पिप एखाद्या पॅकेजची पहिली दिसलेली अट धरून बसायचा आणि न जुळणारे पॅकेज खुशाल एकत्र बसवायचा. नवा बसवायला नकार देऊ लागला. म्हणजे सुधारणा झाली त्याच दिवशी अनेकांचे 'चालणारे' बिल्ड पडले. शिवाय कित्येक जुन्या पॅकेजच्या गरजा ती उतरवून त्यातला कोड चालवल्याशिवाय कळतच नव्हत्या, त्यामुळे नवा रिझॉल्व्हर एकामागून एक व्हर्जन उतरवत बसायचा. सॉल्व्हर कितीही चांगला असला तरी त्याला खाऊ घालायचा मेटाडेटा स्वस्तात मिळाला पाहिजे. म्हणून मी वर मेटाडेटा आणि सॉल्व्हर एका दमात म्हटलं. या दोन्हींना एकत्रच हात घाला.

तिसरी तक्रार बॉक्सवरच्या अर्धवट अवस्थेची, आणि ती मला सगळ्यात गंभीर वाटते. डीपीकेजीसारख्या साधनांत प्रत्येक पॅकेजची अवस्था लिहून ठेवलेली असते: उघडलं, पण कॉन्फिगर व्हायचंय, अर्धवट बसलंय, नीट बसलंय. मध्येच तुटलं तर राहिलेलं काम पुढे नेणारी कमांड असते. तुमच्या साधनाची नोंद 'बसलंय' आणि 'नाही' एवढीच असेल, तर दोष त्याच्या डेटाबेसच्या रचनेत आहे, आणि तिथे वरवरची डागडुजी पुरणार नाही. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचं असंच झालं. जुनी साधनं बसवलेल्या पॅकेजची नोंद साध्या फाइलींत ठेवायची आणि अपग्रेड ही गोष्ट त्यांना नीट जमायचीच नाही. त्यांनी नवा पीकेजी लिहिला, नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये नेल्या, जानेवारी २०१४ च्या १०.० मध्ये जुनी साधनं काढून टाकली. पण त्यासोबत जुन्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये नेणारी एक कमांडही दिली. मी नव्याने लिहिण्याच्या बाजूनं बोलतो ते अशा वेळी: मांडणीच चुकलेली आहे, आणि जुन्याकडून नव्याकडे नेणारा पूल तुम्ही आधी बांधलाय.

तुमच्या बाबतीत मात्र मी आणखी एक प्रश्न विचारेन. त्या बॉक्सवर पॅकेज मॅनेजर हवाच कशाला? साइटवर बसलेल्या यंत्रासाठी दोन पार्टिशन ठेवायची, चालू नसलेल्या पार्टिशनवर पूर्ण नवी इमेज लिहायची, तपासायची, रीबूट करून तिकडे जायचं आणि बिघडलं तर जुन्यावर परतायचं, ही रीत आता रुळलेली आहे. रॉक, एसडब्ल्यूअपडेट, मेंडर ही साधनं नेमकं हेच करतात. इमेज बनवताना फॅक्टरीच्या बिल्ड सर्व्हरवर तुमचा पॅकेज मॅनेजर खुशाल वापरा. साइटवर फक्त तयार इमेज जाऊ दे. स्टोरेज दुप्पट लागेल आणि साइटचं नेटवर्क बारीक असेल तर पूर्ण इमेज पाठवणं जड जाईल, त्यामुळे हे सगळ्यांना परवडत नाही. पण जमलं तर तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न पॅकेज मॅनेजरच्या कक्षेबाहेरच जातो. मग उरतो फक्त डेव्हलपरचा वापर, आणि तिथे अर्धवट इन्स्टॉल झालं तर फोल्डर पुसून पुन्हा चालवता येतं.

सी++ लायब्रऱ्यांपुरता कॉनन किंवा व्हीसीपीकेजी हे तयार पॅकेज मॅनेजर घेण्याचा विचारही करून बघा. अंतर्गत साधन आहे म्हणून ते आयुष्यभर पोसलंच पाहिजे असं नाही. फक्त कॉननचाही इतिहास बघून जा: फेब्रुवारी २०२३ मध्ये २.० आलं तेव्हा जुन्या रेसिपी (पॅकेज कसं बनवायचं त्या फाइली) तशाच चालत नव्हत्या. त्यांनी एक गोष्ट चांगली केली. १.x मध्येच नव्या पद्धतीचं लिखाण चालेल अशी सोय आधी दिली, म्हणजे एकच रेसिपी दोन्हीकडे चालवत चालवत हळूहळू पलीकडे जाता येत होतं.

चौथी तक्रार, कोड कुणाला कळत नाही. यावर नव्याने लिहिणं हा मला सगळ्यात कमकुवत उपाय वाटतो. जुन्या कोडचं वागणं ज्यांना माहीत नाही ते नव्यामध्ये ते वागणं आणणार कसे? आणि पॅकेज मॅनेजरच्या बाबतीत वागणं म्हणजेच करार. डीएनएफच्या कागदपत्रांत 'यमपेक्षा वेगळं काय' असं एक पानच आहे, ते जरूर वाचा. एकच नमुना सांगतो. पॅकेज काढताना त्याच्यापायी आलेले आणि आता कुणालाच नको असलेले पॅकेजही काढायचे, हा पर्याय यममध्ये डिफॉल्ट बंद होता, डीएनएफमध्ये चालू. विचार म्हणून बरोबरच आहे. पण ज्या ॲडमिनच्या स्क्रिप्टला यमची सवय होती, तिला एक पॅकेज काढताना चार गेलेले दिसले. कमांड तीच टाइप केली, एररही आली नाही, परिणाम मात्र वेगळा. प्रत्येक जुन्या साधनात अशा डझनभर गोष्टी असतात आणि त्या कुठेही लिहिलेल्या नसतात.

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटमध्ये इमारत पाडण्याच्या ठरावापेक्षा मधल्या काळातल्या भाड्यावरून जास्त भांडणं होतात, तसाच हा मधला काळ. डीएनएफ फेडोरा १८ मध्ये, २०१३ च्या जानेवारीत, चाखून बघण्यापुरता आला. फेडोरा २२ मध्ये, मे २०१५ ला, डिफॉल्ट झाला. रेडहॅटच्या, कंपन्यांसाठीच्या आरएचईएल ८ मध्ये तो पोचला २०१९ ला, तिथेही यम हे नाव ठेवूनच, फक्त त्यामागे डीएनएफ. आणि यमवरचं सेंटओएस ७ हे लिनक्स संपलं जून २०२४ मध्ये. अकराएक वर्षं जगात कुठे ना कुठे दोन्ही चालू होते. इतकं होईपर्यंत डीएनएफचंच पुन्हा लेखन झालं. डीएनएफ५ सी++ मध्ये, पायथनशिवाय चालणारा. तो फेडोरा ३९ साठी ठरला होता, मागे घेतला गेला आणि ऑक्टोबर २०२४ च्या ४१ मध्ये आला. तो आला तेव्हा रेपॉझिटरी जोडण्याची कमांड बदलली. पूर्वी कॉन्फिग-मॅनेजरपुढे दोन डॅश देऊन ॲड-रेपो लिहायचं. आता डॅश गेले, तो ॲडरेपो असा उपआदेश झाला आणि फाइलचा पत्ता वेगळ्या पर्यायातून द्यावा लागतो. बदल छोटा, पण इंटरनेटवरच्या किती 'अमुक कसं बसवायचं' पानांतली दुसरी-तिसरी ओळ यानं मोडली असेल याचा अंदाज करा. हे सगळं ज्यांच्याकडे पगारी टीम आणि लाखो परीक्षक आहेत त्यांचं. तुमच्या चौघांतले दोघं नव्यावर बसले तर जुन्यातले बग कोण बघणार, हे साहेबांकडून लेखी घ्या. चेष्टा करत नाही.

इथवरचं थोडक्यात: वेग बहुधा मेटाडेटात अडकलाय, तो मोजून खात्री करा. सॉल्व्हर बदला, पण तयार लायब्ररी घेऊन. बॉक्सचं अपडेट शक्य असल्यास इमेजवर न्या. आणि कोड समजत नाही हे नव्याने लिहिण्याचं कारण धरू नका.

प्रत्यक्ष करायचं कसं, तर मी असं करतो. आधी 'ड्राय रन'ची कमांड बनवतो किंवा असेल तर नीट करतो: काहीही न बसवता 'हे काढणार, हे घालणार, या क्रमानं' असा आराखडा ठरलेल्या फॉरमॅटमध्ये छापणारी. मग सीआयमधून आणि डेव्हलपरच्या मशिनवरून खरे इनपुट गोळा करतो. कोणत्या कमांड चालल्या, त्या क्षणी काय बसवलेलं होतं, रेपॉझिटरीत काय होतं. डीएनएफमध्ये सॉल्व्हरचा सगळा माल डंप करायचा पर्याय असतो तो याचसाठी. डेबियनच्या एपीटी या पॅकेज मॅनेजरनं तर बाहेरचा सॉल्व्हर जोडण्याचा प्रोटोकॉलच ठरवून ठेवलाय. १९९८ च्या सुमारास सुरू झालेल्या त्या सी++ प्रोग्रॅममध्ये २०२५ च्या ३.० आवृत्तीत नवा सॉल्व्हर आला, तो त्याच प्रोग्रॅमच्या आत, जुन्याच्या शेजारी. तुम्हीही जुना आणि नवा सॉल्व्हर एकाच इनपुटवर रोज रात्री चालवा आणि आराखड्यांतला फरक सकाळी वाचा. प्रत्येक फरकापुढे लिहा: जुन्याची चूक, नव्याची चूक, की दोन्ही बरोबर पण वेगळे. ही यादी म्हणजे तुमच्या साधनाचं पहिलं खरं डॉक्युमेंटेशन. ती जमत जाईल तसा 'कोड कुणाला कळत नाही' हा प्रश्नही मऊ होत जातो.

नवा सॉल्व्हर आधी एका पर्यायामागे ठेवा. पिपनं २०.२ मध्ये तो ज्यानं मागितला त्यालाच दिला, २०.३ मध्ये डिफॉल्ट करताना जुन्यावर परतायचा पर्यायही दिला. परतीचा रस्ता दिलात की तक्रारी शांतपणे येतात. तो नसेल तर लोक तुमच्या साधनाची जुनी कॉपी आपापल्या घरी ठेवतात आणि मग ती पाच वर्षं निघत नाही.

नव्याने लिहिणं मी कधी सुचवेन? वापरणारे मोजके असतील तेव्हा. डीपीकेजी १९९४ च्या सुमारास थोड्याच काळात शेल, पर्ल आणि सी असा तीन रूपांतून गेला, कारण तेव्हा तुटण्यासारखं फारसं काही बाहेर नव्हतं. किंवा मूळ कल्पनाच बदलायची असेल तेव्हा, जसं गो भाषेनं मॉड्यूल आणताना व्हर्जन निवडण्याचा नियमच बदलला. किंवा जुन्याच्या मालकाला बदल नकोच असेल तेव्हा, बाहेरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये यार्न असाच आला, जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज मॅनेजरचीच रजिस्ट्री आणि तीच पॅकेज-जेसन फाइल वापरून. लॉक फाइल, म्हणजे ठरलेल्या नेमक्या व्हर्जनची नोंद, त्यानं डिफॉल्ट केली, आणि मे २०१७ च्या एनपीएम ५ मध्ये तीच सोय आली. पण त्याच यार्ननं २०२० मध्ये दुसऱ्या आवृत्तीत पॅकेज जिथे उतरतात ते नोड-मॉड्यूल्सचं फोल्डरच डिफॉल्टमधून काढलं, तेव्हा बरेच प्रोजेक्ट पहिल्या आवृत्तीवरच थांबले. तुमच्या बाबतीत यातलं काहीच मला दिसत नाही. दोनेकशे डेव्हलपर आणि साइटवरचे बॉक्स हे 'मोजके' नव्हेत.

रस्टबद्दल शेवटचं. माझा त्याला विरोध नाही. पबग्रबची रस्टमधली लायब्ररी चांगली आहे, आणि सॉल्व्हर हा इनपुट घेऊन आराखडा देणारा स्वतंत्र तुकडा असल्यामुळे तो पायथनमधून मॉड्यूल म्हणून सहज बोलावता येतो. साहेबांना रस्ट हवं असेल तर ते तिथे द्या. टीमलाही शिकायला मिळेल, आणि फसलंच तर एक पर्याय बदलून जुन्यावर जाता येईल.

वेळेचे आकडे काढलेत की इथेच टाका: चारही टप्पे वेगळे, कॅशेसह आणि कॅशेशिवाय. सोबत दोन गोष्टी सांगा. पॅकेजमध्ये इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट आहेत का आणि त्यांचा क्रम कोण ठरवतं. आणि बॉक्सवर दुसऱ्या पार्टिशनला जागा आहे का. स्क्रिप्ट बऱ्याच असतील आणि त्या एकमेकींच्या भरवशावर असतील, तर सॉल्व्हर बदलताना तो क्रम हलतो, आणि मग मी वर सांगितलेल्यापैकी आधी काय करायचं ते बदलेल.